अलास्काच्या आकाशातील मास्तर



सातवीच्या वर्गात ध्रुवाजवळचा प्रदेश शिकवीत असताना एका मुलाने विचारले, "जिथे रस्ताच नाही तिथे डाक कशी पोहोचते?" प्रश्न मला आवडला. त्याचे उत्तर देताना ज्या माणसाची आठवण झाली तो स्वतः शाळेत शिक्षक होता, म्हणून मला त्याच्याविषयी जरा जास्तच आपुलकी आहे. त्याचे नाव कार्ल बेन आयल्सन.

आयल्सनचा जन्म १८९७ साली अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात हॅटन या गावी झाला. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तो सैन्यात विमान चालविणे शिकला. १९२२ मध्ये अलास्कातील फेअरबँक्स येथे तो माध्यमिक शाळेत शिकवू लागला. अलास्काचा विस्तार आपल्या भारताच्या निम्म्याहून थोडा अधिक, पण वस्ती अगदी विरळ. हिवाळ्यात नद्या गोठल्या की त्याच वाटा होत आणि डाक कुत्र्यांच्या घसरगाडीतून जाई. फेअरबँक्सहून मॅकग्राथ हे गाव सुमारे ४५० किलोमीटर. आपल्या डाकगाडीला ते एका रात्रीचे अंतर, पण घसरगाडीला अडीच-तीन आठवडे लागत. एखाद्याच्या आजारपणाचे पत्र पोहोचेपर्यंत तो रोगी बरा तरी झालेला असे किंवा गेलेला तरी.

आयल्सनने गावातील काही प्रतिष्ठित मंडळींना पटवून विमान मागविले. ते खोक्यांत सुटे होऊन आले. ते जोडून १९२३ च्या जुलैत त्याने गावाच्या बेसबॉलच्या मैदानावरून पहिले उड्डाण केले. पुढे डाक खात्याने प्रयोग म्हणून दहा फेऱ्यांचा करार दिला आणि एक विमानही दिले. २१ फेब्रुवारी १९२४ रोजी तो डाक घेऊन निघाला व तीन तासांच्या आत मॅकग्राथला उतरला.

पण खरी मेहनत जमिनीवरची होती. विमानाची बैठक उघडी. त्यामुळे लोकरीच्या मोज्यांवर कातड्याचे मोजे, कपड्यांवर कपडे आणि सर्वांवर केसाळ कातड्याचा डगला घालावा लागे. चाकांऐवजी लाकडी पट्ट्या लावाव्या लागत. उतरल्याबरोबर इंजिनातील तेल काढून उबेला ठेवायचे, कारण गारठ्याने ते घट्ट होई. निघताना इंजिनावर कापड झाकून खाली शेगडी ठेवायची आणि मग गरम तेल ओतायचे. एवढे करून नकाशाही भरवशाचा नाही! खाली दिसणाऱ्या नद्या ओळखत जायचे. परतीच्या वेळी मॅकग्राथहून निघायला थोडा उशीर झाला. हिवाळ्यातला दिवस लहान, अंधार पडला आणि मास्तर वाट चुकले. फेअरबँक्सच्या लोकांनी होळी पेटवून ठेवली होती, तिच्या उजेडाने मैदान सापडले. उतरताना विमानाची मोडतोड झाली, पण माणूस सुखरूप राहिला.

आठव्या फेरीत पुन्हा अपघात झाला, तेव्हा खात्याने करार रद्द करून विमान परत मागविले. खात्याच्या हिशोबात ते बरोबर असेलही. पण मॅकग्राथच्या माणसाला पुन्हा कुत्र्यांच्या गाडीची वाट पाहावी लागली, हेही खरे.

१९२७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे संशोधक ह्यूबर्ट विल्किन्स यांना घेऊन आयल्सन उत्तर महासागरावर उडाला. इंजिन बिघडले म्हणून बर्फावर उतरून उघड्यावर दुरुस्ती केली. शेवटी इंधन संपले आणि रात्री वादळात पुन्हा बर्फावरच उतरावे लागले. तेथून दोघे शंभर किलोमीटरहून अधिक अंतर बर्फ तुडवीत किनाऱ्याला आले. थंडीने आयल्सनचे एक बोट गेले. पालकांना वाटेल, आता तरी हा घरी बसेल! पण पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२८ मध्ये, दोघे अलास्कातील पॉइंट बॅरोहून सुमारे वीस तास उडून नॉर्वेकडील स्पिट्सबर्गेनला पोहोचले. तेथे वादळामुळे पाच दिवस एका निर्जन बेटावर अडकले. निघताना विमान बर्फाला चिकटे. विल्किन्स खाली उतरून ढकलीत, विमान सुटे आणि तेच मागे राहत! आयल्सनला त्यांच्यासाठी परत उतरावे लागले.

नोव्हेंबर १९२९ मध्ये सायबेरियाच्या किनाऱ्याजवळ 'नानुक' हे व्यापारी जहाज बर्फात अडकले होते. त्यावर माणसे होती आणि लाखो डॉलरची केसाळ कातडी होती. एक फेरी आयल्सनने सुखरूप पार पाडली होती. ९ नोव्हेंबरला मेकॅनिक अर्ल बोर्लंडसह तो दुसऱ्या फेरीस निघाला आणि पोहोचलाच नाही. त्या काळोख्या महिन्यांत त्याचे सोबती वैमानिक शोध घेत राहिले. २५ जानेवारी १९३० रोजी जो क्रॉसन आणि हॅरल्ड गिलम यांना बर्फातून वर आलेला विमानाचा पंख दिसला. धूसर हवेत जमीन न दिसल्यामुळे विमान वेगात आदळले असावे, असा तर्क झाला. मृतदेह बर्फाखाली होते. ते हाती लागायला फेब्रुवारी उजाडला.

अमेरिकेने तोवर सोव्हिएत सरकारला मान्यता दिलेली नव्हती. तरीही रशियाचे वैमानिक या शोधात उतरले आणि त्यांच्यातील स्लेप्न्योव्ह हा वैमानिक दोघांच्या मृतदेहांबरोबर अलास्कापर्यंत आला. आयल्सनला त्याच्या हॅटन गावीच पुरण्यात आले. तो बत्तीस वर्षांचा होता.