वाइनची द्राक्षे आणि आपला माळ

12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरच्या स्टेशनात आली, तेव्हा आम्ही गर्दीत उभे होतो. दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत 50 हजार लिटर पाणी. सुमारे 340 किलोमीटरचा प्रवास करून ते पाणी आमच्या गावाला प्यावयास आले होते. आमच्या शेजारी बाजार समितीतील एक म्हातारा हमाल होता. तो म्हणाला, "दादा, पानी बी त्यांचंच अन् द्राक्षं बी त्यांचीच. आपल्या मातीनं काय पाप केलं वो?"

मिरज हे सांगली जिल्ह्यातले, आणि सांगली म्हटली की तासगावची द्राक्षे डोळ्यांपुढे येतात, म्हणून त्याने ही जोड घातली. आम्हांस त्या वेळी उत्तर देता आले नाही. आमचे शालेय शिक्षण सातवीत संपले. पुढचे सारे हमालांच्या आणि शेतमजुरांच्या संघटनेचे काम करता करता, वाचनालयातल्या बाकावर झाले. त्या प्रश्नापायी आम्ही द्राक्षवेलीची माहिती गोळा करीत गेलो, बागा पाहिल्या, छाटणी करणाऱ्या मजुरांबरोबर बसलो. त्यातून जे हाती लागले ते आज आपणांपुढे ठेवतो. विषय वाइनच्या द्राक्षांचा आहे म्हणून कोणी दचकू नये. दारूने मजुरांची घरे कशी बसतात हे ज्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले त्यांत आम्ही आहोत, आणि व्यसनाची तरफदारी करावयास आम्ही येथे उभे नाही. पण जे पीक हजारो हातांना काम देते किंवा हातचे काम काढून घेते, त्याकडे पाठ फिरवून संघटनेचे चालत नाही.

प्रथम हवामान घेऊ. द्राक्षवेल ही मुळात थंड मुलखातली. फ्रान्समधले बोर्डो शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस 45 अंशांच्या जवळ आहे. आपले लातूर 18 अंशांवर, नांदेड 19 वर. तिकडे हिवाळा आला की वेलीची पाने झडतात आणि ती निजते. वसंतात डोळे फुटतात, उन्हाळ्यात घड भरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. वर्षाला एक झोप आणि एक पीक, असा तो सरळ हिशेब. आपल्याकडे तिला निजू देईल इतकी थंडीच नाही. मोकळी सोडली तर ती वर्षभर वाढतच राहते. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हा तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे त्याने लिहून ठेवले. त्याला त्याचे नवल वाटले. बागाईतदाराच्या दृष्टीने मात्र ती अडचण आहे, कारण त्यातला एक बहार पावसात सापडून कुजतो.

ह्यावर दख्खनच्या शेतकऱ्याने जो तोडगा काढला तो आम्हांस फार थोर वाटतो. थंडीने जे काम करावयाचे ते त्याने कात्रीकडून करवून घेतले. वेल वर्षातून दोनदा छाटावयाची आणि पीक एकदाच घ्यावयाचे. एप्रिलात तोडणी आटोपली की खरड छाटणी करतात. तीत वेल जवळजवळ बोडकी होते. मग उन्हाळ्यात नव्या काड्या फुटतात, आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडाचा गर्भ धरतो. हे घडते छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत. त्या दिवसांत लख्ख ऊन हवे. मे-जूनला आभाळ भरून राहिले तर डोळा घडाऐवजी नुसती बाळी देतो, आणि त्याचा पत्ता शेतकऱ्यास ऑक्टोबरपर्यंत लागत नाही! ऑक्टोबरात दुसरी छाटणी, तिला गोडी छाटणी म्हणतात. ती झाली की डोळे एकदम फुटावेत म्हणून काडीला औषध चोळतात. पुढे घड लागतो आणि फेब्रुवारी-मार्चात पिकतो. म्हणजे युरोपात वेल निजते त्या दिवसांत आपली वेल फळते.

आता लातूर-नांदेडचा पेच पाहा. आपल्याकडे पावसाचा जोर पुष्कळदा सप्टेंबरात असतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरातही गाठतो. छाटणी लवकर करावी तर कोवळ्या फुटीवर पाऊस पडतो आणि केवडा येतो. बागाईतदार ह्या रोगास 'डाऊनी' म्हणतात; दोन ओल्या रात्रींत तो बाग घेतो. छाटणी उशिरा करावी तर फळ पिकावयाच्या वेळी मार्चची झळ आणि गारा. फेब्रुवारी-मार्च 2014 मधल्या गारा मराठवाडा विसरणार नाही. त्या वर्षी उभ्या पिकांचा चेंदा झालेला आम्ही वावरोवावर हिंडून पाहिला. पुढे पाऊस आणि मागे गारा, ह्या दोहोंच्या मध्ये जी चार-पाच महिन्यांची बोळ राहते, तीतूनच पीक बाहेर काढावयाचे असते. पाऊसमानाच्या दृष्टीने ही बोळ लातूरला जरा रुंद आहे, नांदेडला अरुंद. नांदेडकडे पाऊस अधिक.

केवड्यावरून एक गोष्ट सांगतो. हा रोग फ्रान्समध्ये 1878 च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर पोचला. बोर्डोजवळचे काही बागवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत. हेतू एवढाच, की निळसर डाग पाहून वाटसरूंनी घड चोरू नयेत. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आले की नेमक्या ह्याच वेली रोगातून वाचल्या आहेत. त्यांनी प्रयोग केले आणि 1885 मध्ये ते मिश्रण जगापुढे ठेवले. आज औशाच्या कृषी केंद्रात 'बोर्डो' मागितले की दुकानदार मोरचूद काढून देतो, तो ह्यामुळे.

खाण्याच्या द्राक्षाला गोडी पुरते. वाइनच्या द्राक्षाला पुरत नाही. त्यात साखर हवी, कारण साखरेचेच आंबून मद्यार्क होते. पण आंबटपणाही टिकला पाहिजे, नाही तर रस मिळमिळीत होतो आणि लवकर बिघडतो. शिवाय सालीतला रंग आणि वास पक्व झाला पाहिजे. ह्या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी जुळून याव्या लागतात. उष्णतेने साखर धावत सुटते, आंबटपणा जळतो आणि वास मागे राहतो. रात्र थंड असेल तर वेलीचा श्वास मंदावतो आणि आंबटपणा वाचतो. नाशिकने बाजी मारली त्याचे एक मोठे कारण हे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, आणि निफाडकडे थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. लातूरची उंचीही सुमारे 630 मीटर आहे, परंतु आपल्या रात्री तितक्या थंड होत नाहीत आणि फेब्रुवारी सरता सरता दुपारी ऊन चटके देऊ लागते. नांदेड तर गोदाकाठी, सुमारे 360 मीटरवर. तेथे ऊन लवकर चढते. म्हणून नांदेड जिल्ह्यात विचार करावयाचाच तर तो कंधार-लोह्याकडच्या बालाघाटाच्या उंच माळांचा करावा, नदीकाठच्या मळईचा नव्हे. अर्धापूरची केळी जेथे खुशीत वाढते तेथे द्राक्षवेलीने पाऊल टाकू नये, हे उत्तम.

ह्याच उष्णतेमुळे वाइनची द्राक्षे पुष्कळ ठिकाणी रात्रीच्या शेवटच्या प्रहरात किंवा भल्या पहाटे तोडतात, म्हणजे घड कारखान्यात थंड पोचतो. पुस्तकात हे एका ओळीत येते. त्या ओळीमागे अंधारात कपाळाला बत्ती बांधून वाकलेली बाई असते, तिच्या पायाखाली विंचू-साप असतो आणि घरी मूल निजलेले असते. रात्रीच्या कामाचा दर दिवसाच्या दराहून वेगळा असला पाहिजे, हे आम्ही जेथे जेथे बोललो तेथे मालक मंडळी प्रथम हसली.

जमिनीविषयी आमचा समज पार उलटा निघाला. आम्हांस वाटे, काळी कसदार जमीन सर्वांत चांगली. कापसाला, तुरीला, ज्वारीला ती चांगलीच. पण आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाऊलभर रुंद भेगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. फुगली की ती मुळांचा श्वास कोंडते, आणि भेगाळली की कोवळी मुळे तोडते. शिवाय पाणी धरून ठेवल्याने वेल पानोळ्यातच माजते. घडावर सावली पडते, हवा खेळत नाही, भुरी येते. वाइनच्या वेलीला थोडी उपासमार मानवते. उताराची, मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी हलकी जमीन, जिला आपण बरड म्हणून नावे ठेवतो आणि भावाभावांच्या वाटणीत जी धाकट्याच्या गळ्यात मारतो, तीच येथे कामाची. मणी लहान राहतो, रसाच्या मानाने साल अधिक, आणि रंग-वास सालीतच असतो. लातूर जिल्ह्यात असे माळ पुष्कळ आहेत, आणि औसा तालुक्यात खाण्याच्या द्राक्षांच्या बागा उभ्याही आहेत. नांदेडच्या आग्नेय टोकास, देगलूर-बिलोलीकडे, आपला काळा बेसाल्ट संपून ग्रॅनाइटची वाळूमिश्रित जमीन लागते. निचऱ्याच्या दृष्टीने तीही पाहण्याजोगी आहे.

एक शत्रू मात्र जमिनीच्या पोटात दडलेला असतो, तो म्हणजे चुनखडी. दोन-अडीच फुटांवर पांढरा थर लागला की वेलीला लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. दुसरा शत्रू बोअरचे खारे पाणी. ह्या दोहोंवर अर्धाअधिक उपाय वेलीच्या निवडीत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या किडीने युरोपच्या बागा उद्ध्वस्त केल्या. ही कीडही अमेरिकेतलीच. उपाय सापडला तो असा : मूळ अमेरिकन रानवेलीचे, तिला त्या किडीची सवय असल्यामुळे, आणि वरची काडी युरोपी जातीची. महाराष्ट्रात ह्याच युक्तीचा उपयोग दुष्काळ आणि खारेपणा ह्यांवर झाला. डॉगरिज जातीचा खुंट कोरड्या व खारट जमिनीत तग धरतो. आपल्याकडचे मजूर त्यास 'जंगली' म्हणतात. आधी जंगली लावावयाचे आणि मग त्यावर कलम बांधावयाचे. कलम बांधणारे कारागीर गावोगाव हिंडतात. त्यांच्या बोटांची किंमत एकरी हिशेबात कोठेच धरलेली नसते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

वरच्या जातीत निजामी मुलखाचे स्वतःचे एक नाव आहे. अनाब-ए-शाही हे हैदराबादचे द्राक्ष, मोठ्या मण्याचे आणि भरघोस पिकणारे. पण ते खाण्याचे. पुढे बिनबियांच्या थॉमसनने आणि त्यातून निघालेल्या तास-ए-गणेश, सोनाका ह्या जातींनी बाजार घेतला. वाइनसाठी शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों अशा परक्या जाती लागतात. त्यांतली शेनिन ब्लां उन्हातही आंबटपणा बऱ्यापैकी राखते, म्हणून ती येथे रुळली. काळ्यांत शिराझला ऊन सोसते. नाशिकखेरीज सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूसही ह्या जातींच्या बागा आणि कारखाना आहे. ती हवा बरीचशी आपल्यासारखीच कोरडी आणि तापट. तेव्हा निव्वळ हवेच्या नावाने हात झटकता येत नाहीत.

मग अडते कोठे? आमच्या मते बाजारात. सरकारने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले, वाइनवरील अबकारी माफ केली, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क काढले. नाशिककडे शेतकऱ्यांनी हौसेने वाइनच्या जाती लावल्या. 2008 मध्ये जगभर मंदी आली, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाइन टाक्यांत पडून राहिली. पुढच्या हंगामांत द्राक्षांना घेणारा मिळेना. खाण्याचे द्राक्ष पडले तर बेदाणा करता येतो. वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे आणि बियांचे, त्याला कारखान्यावाचून कोणी विचारीत नाही. कित्येकांनी बागा उपटल्या. त्या काळात एका कारखान्याच्या फाटकाशी आम्ही तोडणीच्या मजुरांबरोबर चार दिवस बसलो होतो. शेतकऱ्याचे पैसे थकले म्हणून त्याने मजुरी थकवली, आणि दोघेही एकाच कुलपाकडे पाहत बसले. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा शेतकऱ्याच्या भल्याची भाषा दोन्ही बाजूंनी ऐकू आली. वाद पेटला आणि तो निर्णय मागे पडला.

मजुरीच्या बाजूने आणखी एक खरे बोलले पाहिजे. खाण्याच्या द्राक्षात घडाची विरळणी, औषधात घड बुडविणे, मणी सारखे करणे, अशी बारीक कामे फार. ती बहुतेक बायांची. वाइनच्या बागेत ही कामे थोडी. म्हणून मालकाचा खर्च कमी, आणि म्हणूनच मजुराचे दिवसही कमी. उसाशी तुलना केली तर ठिबकवरच्या द्राक्षाला पाणी पुष्कळ कमी लागते, आणि मजुराला उचल घेऊन सहा महिने बिऱ्हाड पाठीवर टाकावे लागत नाही. ज्या जिल्ह्यास आगगाडीने पाणी प्यावे लागले, त्याने ही तुलना कागदावर मांडून पाहावी.

गेल्या वर्षी औशाकडचा एक शेतकरी आमच्याकडे आला. दोन एकर बरड, एक बोअर, आणि वाइनची द्राक्षे लावू का, असा प्रश्न. आम्ही त्यास तीन गोष्टी विचारल्या : मे महिन्यात बोअर किती वेळ चालते, माल घेणाऱ्याने किती वर्षांचा भाव लिहून दिला आहे, आणि तीन फूट खड्डा खणून पाहिला आहे काय. पहिल्याचे उत्तर बरे होते. दुसऱ्याचे, नुसते तोंडी आश्वासन. तिसऱ्यासाठी तो घरी गेला आणि खणू लागला. दोन फुटांवर पांढरी चुनखडी लागली. जंगली खुंटावर थोडे तरी निभेल काय म्हणून त्याने माती तपासावयास दिली आहे. तोवर त्या बरडात त्याने तूर पेरली.