तबकडी अडते कुठे?

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा तालुक्यातील एका शाळेचे वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरले होते. त्या दिवसांचे दोन तासांचे चित्रण एका व्हिडिओ कॅसेटवर होते. कॅसेटवर बुरशीचे डाग दिसू लागले तेव्हा शिक्षकांनी ते संगणकावर उतरवले आणि शाळेच्या प्लेअरसाठी डीव्हीडी करायला घेतली. चार तबकड्या वाया गेल्यावर त्यांनी आम्हाला विचारले. या चार तबकड्यांकडे आपण प्रयोगातील चार निरीक्षणे म्हणून पाहू.

पहिली तबकडी संगणकावर चाले, प्लेअरवर चालेना. कारण फाइल होती तशीच तबकडीवर उतरवली होती. साधा डीव्हीडी प्लेअर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचे फोल्डर आणि त्यात एमपेग-२ पद्धतीचे चित्रण शोधतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ते ७२० × ५७६ बिंदूंचे आणि सेकंदाला २५ चौकटींचे असते. म्हणून फाइलचे आधी रूपांतर करावे लागते.

दुसऱ्या वेळी रूपांतर झाले, पण ‘जागा अपुरी’ असा संदेश आला. इथे साधा भागाकार उपयोगी पडतो. एकपदरी तबकडीत ४.७ अब्ज बाइट मावतात, म्हणजे ३७.६ अब्ज बिट. दोन तासांचे सेकंद ७,२००. भागाकार येतो सेकंदाला सुमारे ५२ लाख बिट. आवाज आणि इतर माहितीसाठी थोडी जागा सोडून चित्राला ४८ लाख द्यावेत. शिक्षकांनी ८० लाख दिले होते!

तिसऱ्या वेळी मध्येच वीज गेली. एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीत लेसरच्या उष्णतेने रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटतात. त्या पुसता येत नाहीत, त्यामुळे अर्धवट तबकडी सहसा फुकट जाते. यासाठी संगणकाला यूपीएस जोडावा. थेट तबकडीवर न लिहिता आधी संगणकातच तिची ‘इमेज’ फाइल बनवावी आणि चालवून पाहावी. चित्र इमेजमध्येही अडखळले तर दोष रूपांतरात किंवा त्याआधी आहे. इमेज नीट चालून तबकडी अडखळली तर दोष लेखनात, तबकडीत किंवा प्लेअरमध्ये आहे. मग लेखनाचा वेग कमी करावा किंवा दुसऱ्या कंपनीची तबकडी घ्यावी. मात्र दोन्ही बदल एकदम करू नयेत, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

चौथी तबकडी पूर्ण चालली, पण मुलांचे ओठ आधी हलत आणि कविता मागाहून ऐकू येई. हे अंतर सुरुवातीपासून सारखेच असते तर आवाज तेवढा पुढे सरकवून भागले असते. इथे ते वाढत जात होते. जुन्या फितीचा संकेत डळमळीत असला की संगणकावर उतरवताना काही चौकटी गळतात. एक चौकट म्हणजे १/२५ सेकंद. अशा ५० चौकटी गळाल्या की चित्र आवाजाच्या दोन सेकंद पुढे जाते. म्हणजे दोष रूपांतराच्याही आधीचा होता. गळालेली चौकट कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. त्यासाठी मूळ कॅसेटच पुन्हा लावावी लागते.

‘आता फाइल आहे, कॅसेट कशाला?’ असे शाळेत कुणीतरी म्हटलेही होते. सुदैवाने ती कपाटातच राहिली. साफ करून ती पुन्हा उतरवली आणि पाचवी तबकडी नीट चालली. फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत, आणि कॅसेटही जपून ठेवली आहे.