पाचारण ओळखावे कसे?

आपल्या न्यासाच्या महोत्सवी अंकासाठी काही लिहावे, अशी सूचना कार्यवाहांकडून आली तेव्हा तरुण मंडळींनी अनेकदा विचारलेला एक प्रश्न माझ्या मनात घोळत होता. देव माणसाला हाक मारतो, असे आपण उपासनेत नेहमी ऐकतो. परंतु ती हाक देवाची की आपल्याच मनाची लहर, हे ओळखावे कसे?

लहान शमुवेलाची गोष्ट आपल्या मुलांना पाठ असते. हाक ऐकून तो रात्री तीन वेळा उठला आणि तिन्ही वेळा म्हाताऱ्या एलीकडे धावला. हाक एलीची नव्हती; पण ती कोणाची, हे त्याला एलीनेच समजावून सांगितले. शिवाय त्या रात्री मिळालेला निरोप गोड नव्हता. ज्या गुरूने वाट दाखविली, त्याच्याच घराण्याविरुद्ध तो होता. सांगताना आपण ही गोष्ट पहिल्या हाकांवरच संपवितो, हे बरे नव्हे.

माझाच एक अनुभव सांगतो. विसाव्या वर्षी एका रात्रीच्या सभेत मला भरून आले आणि 'मी उपदेशक होणार' असे मी घरी येऊन जाहीर केले. वडील शांतपणे म्हणाले, "अरे, फार चांगले. पण आजी चार महिने अंथरुणावर आहे. तिला पाणी तरी कधी विचारलेस का?" मी निरुत्तर झालो. ती लहर महिन्याभरात ओसरली; आजीची सेवा मात्र पुढे वर्षभर माझ्याकडे राहिली. त्या सभेपेक्षा त्या वर्षात मी अधिक शिकलो, असे आज वाटते.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही हाक एकाच क्षणी पूर्ण ऐकू येते असे नाही. यासाठी पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहावे. त्यांचा जन्म 1858 साली आजच्या कर्नाटकातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जनरूढी मोडून पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले. तीर्थयात्रेत, दुष्काळात आईवडील गेले. पुढे भाऊ गेला आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले. कडेवर मनोरमा ही तान्ही मुलगी. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांना आसरा देणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे काम त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांवर एवढी माया कोण करतो, असे विचारले तेव्हा त्यांना विहिरीवरील शोमरोनी स्त्रीची कथा वाचावयास मिळाली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

येथवरची हकीकत सर्वांना माहीत असते. पुढची मला अधिक महत्त्वाची वाटते. रमाबाईंनी आपल्या साक्षीत स्वतःच लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म लाभला होता, पण ख्रिस्त लाभला नव्हता. विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना ही उणीव त्यांना उमजली. गंमत अशी की, या गृहस्थाचे स्वतःचेच परिवर्तन स्वतःच्याच प्रवचनाच्या मध्यावर झाले होते! बाप्तिस्म्याच्या तारखेलाच सर्व काही पुरे झाले, असे मानणाऱ्यांनी या आठ वर्षांचा विचार करावा.

त्या आठ वर्षांत त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या, हेही ध्यानात घ्यावे. 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत शारदासदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. 1893 साली मोठे वादळ उठले. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि विधवा मुली तेथे येऊन बसत. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती समजण्यासारखी होती, असे माझे मत आहे. परंतु दार लावून प्रार्थना करावी हे रमाबाईंना मान्य झाले नाही. आणि मुलींना सक्तीने बोलावणेही त्यांना कधी रुचले नसते.

आता केडगावची जमीन पाहा. ती घेतली होती फळबागेसाठी. झाडे लागावीत, उत्पन्न यावे आणि सदनाला परदेशच्या देणग्यांवर अवलंबून राहावे लागू नये, एवढाच हेतू. 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःच्या उपासमारीच्या आठवणीने रमाबाई व्याकूळ झाल्या. एवढ्या जणींना पोसणार कोठून, हाही प्रश्न होताच. तरी त्या निघाल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे नव्या मुली ठेवणे अशक्य, तेव्हा त्या केडगावच्या शेतावर गेल्या. बाग होती तेथे मुक्तिसदन झाले. पुढे आंधळ्यांसाठी, वृद्धांसाठी, पतित म्हणून टाकलेल्यांसाठी वेगवेगळी सदने उभी राहिली. आधी योजना आणि मग हाक, असा क्रम येथे दिसत नाही. समोर उभी असलेली उपाशी मुलगी हीच हाक, आणि जवळची जमीन हेच उत्तर.

आणि ही हाक आपल्या भागापर्यंत पोहोचली. 1912 साली, म्हणजे हा मुलूख निजामाच्या राज्यात असताना, रमाबाईंनी गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, ख्रिस्ती हायस्कूल काढले आणि त्याची धुरा मनोरमाबाईंकडे दिली. मराठी, कानडी आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात असा हा प्रांत. रमाबाईंनाही मराठीबरोबर कानडी येत होती. केडगावसारखे प्रसिद्ध ठिकाण सोडून विद्येत मागे पडलेल्या या जिल्ह्यात यावयाचे, यात मानमरातब काय मिळणार होता? चरित्रग्रंथांत या शाळेला बहुधा एखादी ओळ मिळते. आपल्याकडील वडीलधाऱ्यांनी तरी ती मुलांना वाचून दाखवावी.

मनोरमाबाई 24 जुलै 1921 रोजी आईच्या आधी वारल्या. रमाबाईंनी त्या वेळी हिब्रू व ग्रीक मुळावरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर चालविले होते. खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही कळावे अशी साधी भाषा त्यांना हवी होती. खिळे जुळविण्याचे काम मुक्तिसदनातल्या मुलीच करीत. मुलगी गेली, कान फार पूर्वीच मंद झाले होते, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे देहावसान झाले, तेव्हा भाषांतर हातावेगळे झालेले होते. संपूर्ण ग्रंथ 1924 साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला.