डॉक्टर गोड बोलतात, पण फ्रिज कोण बघतं?

शिकायला इंग्लंडला निघालेल्या श्रोत्यांचा एक प्रश्न नेहमी येतो: तिथे गेल्यावर फॅमिली डॉक्टर निवडायचा कसा? गुगलवरचे स्टार बघून? आजचा भाग त्यावरच. तुम्ही कुठेच जाणार नसाल तरी शेवटपर्यंत थांबा, कारण शेवटचा मुद्दा आपल्या घरातल्या आजीचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरला म्हणतात जीपी. एनएचएसमध्ये बहुतेक सगळं इथूनच सुरू होतं. व्हिसा काढताना आरोग्य सरचार्ज भरावा लागतो. फेब्रुवारी 2024 पासून विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला 776 पौंड आहे. म्हणजे पैसे तुम्ही आधीच मोजलेले असतात. मग दवाखाना नीट बघून घ्यायला काय हरकत आहे?

तो बघायला एक सरकारी नियामक संस्था आहे: केअर क्वालिटी कमिशन, म्हणजे सीक्यूसी. 2009 पासून काम करते, आणि 2013 पासून जीपींचे दवाखानेही तिच्या कक्षेत आले. तपासणीत पाच प्रश्न असतात. इथे रुग्ण सुरक्षित आहे का? उपचारांचा उपयोग होतो का? माणुसकीने वागवतात का? गरज असेल तेव्हा सेवा मिळते का? आणि कारभार नीट चालतो का? त्यावरून चारपैकी एक श्रेणी मिळते: आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट किंवा इनॅडिक्वेट. मिळालेली श्रेणी दवाखान्यात दिसेल अशी लावणं कायद्याने बंधनकारक आहे.

आता खरी गंमत. आपण पेशंट म्हणून काय बघतो? डॉक्टर हसून बोलले का, किती वेळ बसवून ठेवलं, रिसेप्शनवरची बाई खेकसली का. हेही महत्त्वाचं आहेच, त्या पाचांतला एक प्रश्न त्यासाठीच आहे. पण तपासणीला येणारे लोक जे बघतात ते आपल्याला दिसतच नाही. लसींचा फ्रिज 2 ते 8 अंशांत राहतो का आणि त्याची रोज नोंद होते का? कुणी अचानक कोसळलं तर ऑक्सिजन आणि डिफिब्रिलेटर तयार आहेत का? लॅबमधून आलेले रिपोर्ट कुणी उघडून बघतं, की ते नुसते कॉम्प्युटरवर पडून राहतात? काही चूक झाली तर ती लपवतात, की सगळे एकत्र बसून त्यातून शिकतात?

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रेकॉर्ड. तपासणी पथकातला जीपी त्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर शोध घेतो. उदाहरण घ्या मेथोट्रेक्सेटचं. संधिवाताच्या काही रुग्णांना ही गोळी देतात, आणि ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तिचा यकृतावर आणि रक्तपेशींवर वाईट परिणाम होऊ शकतो, म्हणून साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. समजा, एका बाईंना ही गोळी वर्षभर मिळतेय, पण रक्ततपासणी एकदाही झालेली नाही. बाई खूश, डॉक्टर प्रेमळ, गुगलवर पाच स्टार. आणि आत मात्र यकृत बिघडत चाललेलं असू शकतं. हा धोका स्टारमध्ये दिसत नाही. रेकॉर्डमध्ये दिसतो.

मग सीक्यूसीच्या श्रेणीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा का? तर नाही. 2024 मध्ये डॉ. पेनी डॅश यांनी सरकारसाठी सीक्यूसीचीच झाडाझडती घेतली. त्यात निघालं की काही ठिकाणांची तपासणी कित्येक वर्षांत झालेली नाही, आणि साधारण पाचातल्या एका ठिकाणाला कधी श्रेणीच मिळालेली नाही. म्हणून श्रेणीबरोबर तारीख बघा. सहा वर्षांपूर्वीचं ‘गुड’ म्हणजे सहा वर्षांपूर्वीचं ‘गुड’. तेव्हाचे डॉक्टर आज तिथे असतीलच असं नाही. सीक्यूसीच्या वेबसाइटवर पूर्ण अहवाल मिळतो. त्यातला ‘सुरक्षित’ हा भाग तेवढा नक्की वाचा.

आता आजीकडे येऊ. आपल्या गल्लीतल्या दवाखान्याच्या दारावर अशी श्रेणी लागत नाही. महाराष्ट्राचा 1949 चा नर्सिंग होम कायदा आहे, पण तो रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी. त्यामुळे निदान आपल्या माणसासाठी तपासनीस आपणच व्हायचं. पुढच्या वेळी आजीबरोबर जाल तेव्हा चार गोष्टी विचारा: ही गोळी रोज घ्यायची की आठवड्यातून एकदा? हिच्यासाठी कुठली तपासणी लागते? ती पुढची कधी? आणि रिपोर्ट आला की तो बघून आम्हाला कोण कळवणार?

डॉक्टरांवर अविश्वास दाखवायचा नाहीये. ‘डॉक्टर, जरा लिहून देता का?’ एवढं नम्रपणे विचारलं तरी पुरतं. चांगल्या डॉक्टरांना असा प्रश्न खटकत नाही.

तर आज घरी गेल्यावर आजीचा औषधांचा डबा एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!