दोघांच्या वयाची बेरीज

नागपुरातल्या कुठल्याही वधू-वर मेळाव्याची परिचय पुस्तिका उघडा. जन्मवेळ मिनिटापर्यंत दिलेली असते, शिवाय रास, नाडी, गण. मुलगी एकोणतीसची दिसली की वाचणाऱ्याचं बोट पुढे सरकतं. मुलगा चौतीसचा असेल तर ‘सेटल झालाय’ म्हणून तिथंच थांबतं. आई-बाप व्हायचं योग्य वय कोणतं, या प्रश्नाचं आपल्याकडचं रुळलेलं उत्तर त्या बोटातच आहे: वय मोजायचं ते बाईचं. ही मोजणी अर्धी आहे असं मला वाटतं. वय दोघांचं मोजायला हवं, आणि मूल वीस-बावीसचं होईल तेव्हा ते किती झालेलं असेल हेही धरायला हवं.

शरीरापासून सुरुवात करू, कारण तिथे वादाला फारशी जागा नाही. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख स्त्रीबीजं असतात. पुढे त्यांत भर पडत नाही, घटच होत जाते आणि पस्तिशीनंतर ती वेगानं होते. डाउन सिंड्रोम असलेलं बाळ होण्याची शक्यता आई पंचविशीत असताना साधारण १,२५० जन्मांमागे एक असते, तर चाळिशीत सुमारे शंभरामागे एक. आपल्या कायद्यानं हे आडवळणानं मान्यही केलंय. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१च्या कायद्यात स्त्रीबीज दान करणारीचं वय २३ ते ३५ हवं. सरोगसी कायद्यात दुसऱ्याचं मूल पोटात वाढवणारीचं २५ ते ३५. उपचार घेणाऱ्या स्त्रीला मात्र पन्नाशीपर्यंत मुभा आहे. ‘आमच्या आजीला बेचाळिसाव्या वर्षी धाकटे काका झाले’ हे यावरचं घरोघरचं उत्तर. ते खरंच असतं, पण ते काका आजीचं आठवं-नववं अपत्य असतात; पहिलटकरणीला त्या हिशेबाचा काही उपयोग नाही. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या पाट्यांवरही फार विसंबू नये. या उपचारानं स्त्रीबीजाचं वय कमी होत नाही. पंचेचाळिशीनंतर पाळणा हलतो, तेव्हा त्यामागे बहुधा दुसऱ्या तरुण स्त्रीचं बीज असतं, आणि पाटीवर ते कुणी लिहीत नाही.

आता बापाकडे वळू. आइसलँडमधल्या कुटुंबांच्या जनुकांचा अभ्यास २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. वडिलांचं वय एका वर्षानं वाढलं की बाळात सरासरी दोन नवे जनुकीय बदल जास्त सापडतात, असं त्यात दिसलं. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. घाबरून जाण्यासारखं काही नाही. पण पुरुषाचं वय हिशेबाबाहेर ठेवायला सबबही उरत नाही. तो हिशेब सरकारनं एके ठिकाणी नीट मांडलेला आहे. दत्तकविधानाच्या २०२२च्या नियमांनुसार दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल, तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या वर जाता कामा नये. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ही मर्यादा ९०, चार ते आठसाठी १००. म्हणजे बायको ३६ची असली तरी नवरा पन्नाशीचा असेल, तर तान्हं मूल मिळत नाही. मुलाच्या बाजूनं विचार केला की बापाचं वय आपोआप बेरजेत येतं. पोटच्या मुलाला मात्र हा न्याय कुणी लावत नाही.

मग विशीतच उरकावं का? महाराष्ट्रात तसं उरकलेलंही पुष्कळ दिसतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणी जिल्ह्यात हा आकडा निम्म्याच्या जवळ जातो. नागपूर आणि पूर्व विदर्भात तो त्या मानानं बराच कमी आहे. साताऱ्यात २००७ मध्ये नवविवाहितांसाठी एक योजना निघाली होती: पाळणा दोन वर्षं लांबवला तर ५,००० रुपये, तीन वर्षं लांबवला तर ७,५००. कल्पना झकास, पण लग्नच सतराव्या वर्षी झालं असेल तर दोन वर्षांनी ती मुलगी एकोणिसाचीच. शिवाय वय बसलं म्हणजे शरीर तयार झालं असंही नाही. त्याच पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एकनाड आली म्हणून स्थळ सोडणाऱ्यांनी निदान ही एक रक्ततपासणी करून घ्यायला काय हरकत आहे?

खरा अवघड आक्षेप पैशाचा आहे. एमपीएससीच्या फेऱ्या, कंत्राटी नोकरी, फ्लॅटचा हप्ता. थांबणाऱ्यांना दोष देता येत नाही. थांबण्याचा फायदाही होतो. स्वीडनमधल्या २०१६च्या एका अभ्यासात आईच्या उतरत्या वयात झालेली मुलं जास्त शिकलेली आढळली, कारण तोवर काळच सुधारलेला होता. पण थांबायची किंमत घरातलं तिसरं माणूस मोजतं, ते म्हणजे आजी. मुलगी नागपूरची, नोकरी हिंजवडीला, बाळंतपणानंतर सहा महिने आजीनं पुण्यात जाऊन राहायचं, हे आता नेहमीचं झालंय. दोन पिढ्यांनी तेहतिशीत मूल होऊ दिलं, तर ही आजी सहासष्ट वर्षांची असते, आणि गुडघे तिचेही असतातच. म्हणून बाईनं पंचवीस ते बत्तीस आणि पुरुषानं फार तर अडतिशीच्या आत पहिलं मूल होऊ द्यावं, असं माझं मत. ते जमायला घराबाहेरून हातभार लागतो. २०१७च्या दुरुस्तीनं आईला २६ आठवड्यांची रजा मिळाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं झालं. बापाला मात्र केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस मिळतात, आणि खासगीत कायद्यानं एकही नाही. बाळासाठी त्याला घरी थांबावंच लागत नाही, तोवर ‘आधी सेटल होऊ दे’ म्हणत चाळिशीपर्यंत रेटणं त्याला परवडत राहणार.