लाइट गेली, पीसी झोपला!

‘वर्क फ्रॉम होम’ मिळालंय म्हणून दोन आठवडे गावी जायचा प्लॅन केलाय? मस्तच! आईच्या हातचं जेवण, सकाळी ताणून देणं, संध्याकाळी शेतावर चक्कर. फक्त पहिल्याच सोमवारी क्लायंटसमोर प्रेझेण्टेशन रंगात आलं असताना स्क्रीन काळी ठिक्कर पडू द्यायची नसेल, तर घरातला तो डेस्कटॉप आणि टेबलाखाली धूळ खात बसलेला यूपीएस यांच्याकडे आधी बघा.

समजा, तुमचं गाव देवळाली प्रवरा आहे. (नाशिकजवळची लष्करी छावणीची देवळाली वेगळी हं! ही राहुरी तालुक्यातली, २०२४ मध्ये अहिल्यानगर झालेल्या आपल्या नगर जिल्ह्यातली.) उसा-कांद्याचा पट्टा. इथल्या घरात यूपीएस ही काही चैन नाही. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली, तेच दिवस लोडशेडिंगचे. २००६ मध्ये पुण्याने उद्योगांच्या जनरेटरच्या जोरावर स्वतःची सुटका करून घेतली, पण ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास लाइट नसणं हे तेव्हा रोजचंच होतं. ज्यांनी त्या काळात सीईटीचा अभ्यास केलाय, त्यांना इन्व्हर्टरचा ‘टक्’ आवाज आजही झोपेत ओळखू येईल.

आता तसं लोडशेडिंग राहिलेलं नाही. गावठाणाची लाइन शेतीच्या लाइनपासून वेगळी करण्याचं कामही बरंच झालं. आता त्रास होतो तो वेगळाच, आणि तो खरं तर जास्त फसवा आहे. लाइट जात नाही, व्होल्टेज पडतं. पंखा मंदावतो, ट्यूब फडफडते आणि यूपीएस गुपचूप बॅटरीवर जातो. पाच मिनिटांनी परत येतो. पुन्हा जातो. घरातले म्हणतात, ‘लाइट तर आहे की!’ आणि पीसी मात्र झोपलेला.

असं का होतं? यूपीएसला मागे यूएसबी पोर्ट असेल आणि त्याची केबल पीसीला जोडलेली असेल, तर विंडोज त्याला चक्क लॅपटॉपची बॅटरी समजतं. खाली कोपऱ्यात बॅटरीचं चित्र येतं आणि पॉवर सेटिंगमध्ये ‘ऑन बॅटरी’ आणि ‘प्लग्ड इन’ असे दोन संसार सुरू होतात. तुम्ही ‘प्लग्ड इन’मध्ये स्लीप ‘नेव्हर’ करून निर्धास्त बसता. व्होल्टेज पडताच लागू होतं ते दुसरं सेटिंग, ज्यात काही मिनिटं माउस हलला नाही की मशीन झोपायला मोकळं! उपाय सोपा: ‘ऑन बॅटरी’चा स्लीपचा वेळ यूपीएसच्या खऱ्या बॅकअपपेक्षा जास्त ठेवा.

पण पीसी झोपला होता की मेला होता, हे आधी ठरवायला हवं. याचा फंडा एकदम डिटेक्टिव्ह स्टाइल आहे. ‘इव्हेण्ट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टिम’वर जा आणि ‘कर्नल-पॉवर’च्या नोंदी शोधा. ४२ नंबर दिसला तर मशीन रीतसर झोपलं, दोष सेटिंगचा. ४१ दिसला तर मशीन नीट बंद न होताच पुन्हा सुरू झालंय. मग बहुधा यूपीएसनेच दगा दिलाय, आणि सेटिंगशी कितीही खेळलात तरी उपयोग शून्य.

आता स्लीप आणि हायबरनेट यांतला फरक. स्लीपमध्ये तुमचं काम रॅममध्येच असतं आणि रॅमला वीज लागतेच. यूपीएस संपला की सगळं गेलं. हायबरनेटमध्ये तेच काम डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं. म्हणून ‘क्रिटिकल बॅटरी ॲक्शन’ला हायबरनेटच हवं. ते मेनूत दिसत नसेल तर घाबरू नका. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, स्पेस, ‘स्लॅश हायबरनेट’, स्पेस, ‘ऑन’ असं इंग्रजीत टाइप केलं की बहुतेक मशीनवर तो पर्याय परत येतो.

खरी गोची पुढेच आहे. ही क्रिटिकल पातळी साधारण ५ टक्क्यांवर असते. नव्या लॅपटॉपला ते ठीक. पण तीन वर्षं जुनी लेड-ॲसिड बॅटरी ४० टक्के दाखवता दाखवता एकदम मान टाकते. नगरकडचा उन्हाळा तर तिचा शत्रूच. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं. त्यामुळे पातळी ४०-५० टक्क्यांवर आणा. दिसायला विचित्र वाटतं, पण काम वाचतं.

बॅकअप किती, हे डब्यावर वाचू नका. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. आतली बॅटरी बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची, म्हणजे ८४ वॅट-अवर. पीसी आणि मॉनिटर मिळून १२० वॅट खात असतील तर कागदावर ४२ मिनिटं. प्रत्यक्षात नव्या बॅटरीचीही पंधरा-वीस धरा. शनिवारी सगळं सेव्ह करून भिंतीवरचं बटण बंद करा (प्लग उपटू नका, अर्थिंग तुटतं) आणि घड्याळ लावा. चार मिनिटांत अंधार झाला तर बॅटरी बदला. आणि बाबांचा लेझर प्रिंटर यूपीएसला जोडलेला असेल तर तो आधी काढा. तो गरम होताना एवढी वीज ओढतो की धडधाकट यूपीएसही कोलमडतो.

यूपीएसला यूएसबी पोर्टच नाही? स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेल्सना तो नसतो. मग विंडोजला लाइट गेल्याचं कळायचा मार्गच नाही. बीप ऐकू आला की हायबरनेट तुम्हीच करायचं. त्यासाठी केसवरच्या पॉवर बटणाला हायबरनेटचं काम देऊन ठेवा, म्हणजे तुम्ही अंगणात फोनवर असलात तरी आई एक बटण दाबून मोकळी होईल.

राउटर मात्र विसरू नका. पीसी चालू आणि नेट बंद, याच्यासारखा विनोद नाही! बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा वेगळा यूपीएस मिळतो आणि तो बराच वेळ टिकतो. जुनी बॅटरी बदलणार असाल तर भंगारात टाकू नका. दुकानदाराला परत द्या, नवीवर थोडीफार सूटही मागा. शिसं आहे त्यात, त्याला किंमत असते.