घरातील जुन्या बंदुकांचा विमा : आधी परवाना, मग किंमत

मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसर तालुक्यात मोहगाव हे मराठीभाषक गाव आहे. समजा, तेथील एका कुटुंबप्रमुखाचे निधन झाले आणि मागे चार बंदुका राहिल्या : दोन बारा बोअरच्या, एक रायफल आणि एक पणजोबांच्या काळातील ठासणीची. मुलाला या संग्रहाचा विमा उतरवायचा आहे. विमा कंपनी किंमत विचारील; परंतु त्याआधी एक प्रश्न उभा राहतो. यांपैकी किती बंदुका त्याला कायदेशीरपणे घरात ठेवता येतील? शस्त्र अधिनियम केंद्राचा असल्याने गोव्यातील वारसालाही याच प्रश्नाला सामोरे जावे लागते.

पूर्वी एका व्यक्तीस तीन बंदुका बाळगता येत. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही मर्यादा दोनवर आली. परवानाधारक विक्रेते, मान्यताप्राप्त रायफल क्लबचे सदस्य आणि नेमबाज यांना काही सवलती आहेत. वारशाला मात्र नाही. म्हणून चार बंदुकांचा संग्रह टिकवायचा तर दोन पात्र वारसांनी स्वतंत्र परवाने घ्यावे लागतात. परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली असल्यास किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले असल्यास, हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. निधनानंतर शस्त्रे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. विहित मुदतीत ती परत घेतली नाहीत वा विकली नाहीत, तर ती सरकारजमा होऊ शकतात. असे झाले की संग्रहाची किंमत कुटुंबापुरती शून्य होते.

‘जुनी आहे, मग परवाना कशाला’ हा समजही घातक आहे. कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले शस्त्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहते ते केवळ दुरुस्ती करूनही चालवता येणार नसेल तरच. डागडुजीने बार उडू शकणारी ठासणीची बंदूक परवान्याच्या कक्षेतच राहते.

मूल्यांकनात निर्मात्याचे नाव, क्रमांक, नळीच्या आतील अवस्था, मूळ दस्ता, मूळ पेटी आणि मालकीची कागदपत्रे पाहिली जातात. हौसेने केलेले नवे पॉलिश अनेकदा किंमत घटवते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी आयात जवळजवळ बंद असल्याने नामांकित विलायती बनावटीला मागणी राहिली. पण खरेदीदारही परवानाधारकच असावा लागतो आणि त्यालाही दोनचीच मर्यादा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तिची खासगी निर्यात करता येत नाही. त्यामुळे लंडनच्या लिलावातील आकडा येथील किंमत म्हणून धरता येत नाही.

आता विमा. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत आग, पूर, वादळ अशा आपत्तींपासून घरातील सामानाला संरक्षण मिळते. पुन्हा मिळणारच नाही अशा पुरातन व दुर्मीळ वस्तूंसाठी आधी ठरवलेल्या मूल्यावर विमा घेण्याची वैकल्पिक सोय त्यात आहे. त्यासाठी सर्वसाधारणपणे मूल्यांकनाचे प्रमाणपत्र लागते. मात्र बंदुका या प्रकारात स्वीकारल्या आहेत का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. या पॉलिसीत चोरीची भरपाई मिळते ती आपत्तीनंतर सात दिवसांत झालेल्या चोरीचीच. निव्वळ घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि बंदुकांना मोठा धोका तोच आहे.

घराच्या पॉलिसीतील संरक्षण नोंदवलेल्या पत्त्यावरील सामानाला असते. त्यामुळे विक्रेत्याकडे जमा केलेल्या बंदुकीची पावती घेऊन, तेथे नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, हे आधीच विचारावे. प्रत्येक शस्त्राचे छायाचित्र, क्रमांक, परवान्याची प्रत आणि खरेदीची पावती यांचा एक संच घराबाहेर सुरक्षित ठेवावा. चोरी झाल्यास पोलिसांना तत्काळ कळवणे बंधनकारक आहेच. दाव्याचा पायाही तीच नोंद असते.

परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. ती संपून गेली आणि नंतर घराला आग लागली, तर हप्ते नियमित भरलेले असूनही दावा अडचणीत येतो; बेकायदा ताब्यातील वस्तूवर हक्क सांगणे कठीण असते. म्हणून मूल्यांकनकाराला बोलावण्यापूर्वी कपाटातील परवान्यावरची तारीख पाहावी.